परिशिष्ट ब

नोटिशीच्या तिसऱ्या पानाला टाचलेला कागद
मी लांबूनच ओळखला.
शिरोरेघ न मोडणारं अक्षर,
'महोदय'नंतरचा स्वल्पविराम,
खाली द. रा. सासने, खोली दहा.

खोली नऊने तीस दिवसांत जागा सोडायची आहे.
कारण, निवासी स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ,
गॅस वारंवार उघडा, इतरांच्या जीवितास धोका,
पाहा परिशिष्ट ब.

मी फक्त वासाबद्दल लिहिलं होतं.
जूनमध्ये दोनदा भाकरी करपली, एकदा डाळ.
मला वाटलं, कुणीतरी येऊन
शेगडीचं बटण तपासून जाईल.

हौसाक्का मगदूम, वय एकोणऐंशी.
अकरा वर्षांपूर्वी जयसिंगपूरचा दीड गुंठा विकून
इथं आल्या. पैसे मोजून घेताना
ट्रस्टचे लोक म्हणाले, आक्का,
आता शेवटपर्यंत हे तुमचंच घर.
म्हणाले. लिहिलं नाही.

कसबा बावड्याच्या कोर्टात त्यांचा वकील म्हणाला,
साहेब, ह्या भाडेकरूच नाहीत.
पावत्या बघा. भाडं हा शब्द कुठं आहे?
देणगी आहे.
साहेबांनी पावत्या चाळल्या. एकशे बत्तीस.
एकशे बत्तीस वेळा देणगी,
दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत,
उशीर झाल्यास दंडासहित.

मला हसू आलं, ते खोकल्यात लपवलं.
अठ्ठावीस वर्षं शिरोली नाक्यावर जकात फाडली मी.
कडब्याखाली गुळाच्या ढेपा घालून आणायचे लोक.
पावती कडब्याची.
नाका ओलांडला की गुळाचा कडबा झालेला असायचा.
मालाला वास असतो, पावतीला नसतो,
आणि फायलीत पावती जाते.

आक्का उभ्या राहिल्या, कठड्याला धरून.
"व्हय, गॅस बंद कराय इसरतो मी.
खरं तुमी माझा दीड गुंठा इसरलासा,
त्येची नोटीस कुणी काढायची?"
कोर्टात कुणीतरी पेन खाली ठेवलं.
पुढची तारीख पडली.

इकडं बातमी आली की डॉक्टर येणार,
सगळ्यांना तपासणार.
तेव्हापासून चार नंबरचे कुंभार मास्तर
व्हरांड्यात आजची तारीख आणि वार पाठ करत फिरतात.
सहा नंबरच्या लीलावतीबाई
काठी दाराआड ठेवून जेवायला येतात,
भिंतीचा रंग बघत असल्यासारख्या
भिंतीला धरून.
माझ्याशी कुणी बोलत नाही.
आक्का बोलतात. परिशिष्ट त्यांनी वाचलेलं नाही,
चष्म्याची काडी मोडलीय म्हणतात.
की वाचलंय?

काल रात्री दूध गॅसवर ठेवून टेबलाशी बसलो.
महोदय, स्वल्पविराम.
माझ्या आधीच्या अर्जात चूक झालेली आहे.
करपल्याचा वास खोली नऊमधून नव्हे,
माझ्याच खोलीतून येत होता.
खोटी पावती.
आयुष्यातली पहिली, असं म्हणणार होतो,
पण राहू दे.
अक्षर नीट यावं म्हणून हळूहळू लिहीत होतो.
'माझ्याच'मधला च
पुन्हा एकदा गिरवला.

दार वाजलं.
आक्का, नाकाला पदर.
"ओ सासने, काय जळाय लागलंय तुमच्यात?"

वळून बघितलं. पातेलं काळं,
खोलीभर धूर.
माझ्या आधी त्याच पोचल्या बटणापाशी.
बंद केलं.
मग पुन्हा फिरवून बघितलं, खरंच बंद आहे का.

मला काही बोलल्या नाहीत.
पातेलं घेऊन मोरीत बसल्या,
घासणीचा आवाज सुरू झाला.

अर्जाची शाई अजून ओली होती.
परत एकदा वाचला.
काळ तेवढा चुकला होता.
खाडाखोड न करता
सही केली.